व्याजदर हलतायत, मग घर घ्यायचं का थांबायचं? सांगलीत पहिलं घर बघणाऱ्यांसाठी

पेपरात रेपो दर कमी झाल्याची बातमी आली की मला फोन सुरू होतात. मी लोनच्या फायली करतो, त्यामुळं ओळखीपाळखीतले सगळे एकच विचारतात, आता घेऊ का अजून उतरतोय का बघू? आणि दर वाढल्याची बातमी आली की तोच फोन, फक्त आवाज घाबरलेला. दोन्ही वेळा माझं उत्तर जवळपास सारखंच असतं, की बाबा दराचा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न म्हणजे तुझ्या घरखर्चात हप्ता बसतो का, तो पण दर दोन टक्के वाढला तरी. आणि दुसरा म्हणजे जी जागा घेतोयस तिथं पावसाळ्यात पाणी येतं का आणि तिचे कागद सरळ आहेत का. हे दोन जमलं की दराचं काय करायचं ते सांगता येतं, नाही जमलं तर दर पाच टक्के असला तरी ते घर परवडत नाही.

पहिल्यांदाच घर बघणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमानं लिहितोय. उदाहरणं सांगली-मिरज-कुपवाडची आहेत पण साताऱ्या-कराडवाल्यांना पण चालेल, पूर सोडून आकडेमोड सगळीकडं तीच.

आधी, दर हलतो म्हणजे नक्की काय हलतं

रिझर्व्ह बँकेची कमिटी साधारण दोन महिन्यांनी बसते आणि रेपो दर ठरवते, म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँक ज्या दरानं पैसे देते तो. मे २०२० पासून दोन वर्षं तो ४ टक्क्यांवर होता. मे २०२२ ला वाढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत, म्हणजे वर्षभराच्या आतच, ६.५० वर गेला. मग दोन वर्षं तिथंच बसला. फेब्रुवारी २०२५ पासून उतरायला लागला आणि डिसेंबर २०२५ ला ५.२५ झाला. तुम्ही वाचाल तेव्हा कदाचित वेगळा असेल, तो बघून घ्या, पण पाच-सहा वर्षांत केवढा झोका झाला ते लक्षात घ्या आणि तुमचं लोन आहे वीस वर्षांचं. म्हणजे असे झोके तुम्हाला दोन-तीन वेळा तरी लागणार हे धरूनच चालायचं.

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग होम लोन, म्हणजे ज्याचा दर बदलत राहतो ते, बाहेरच्या कुठल्यातरी दराला बांधावं लागतं, बहुतेक जण रेपोलाच बांधतात. रेपो अधिक बँकेचा स्प्रेड (बँक वर लावते ते टक्के) म्हणजे तुमचा दर, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी तो रिसेट, म्हणजे नव्या रेपोप्रमाणं बदलून, झालाच पाहिजे. म्हणजे रेपो खाली आला की तुम्हाला पण मिळतो, वर गेला की तुमच्या पण डोक्यावर.

पण हा नियम हौसिंग फायनान्स कंपन्यांना नाही. त्यांचा स्वतःचा एक प्राईम रेट असतो आणि तो कधी किती हलवायचा ते त्या ठरवतात. आपल्याकडच्या अर्बन को-ऑप बँकांना पण रेपोला बांधायची सक्ती नाही. म्हणून "आमच्याकडं पाव टक्का कमी आहे" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, कशाला बांधलाय, आणि कधी रिसेट होणार? याचं उत्तर गोलगोल आलं तर तो पाव टक्का विसरायचा.

हप्ता दोन टक्के वाढवून बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा निवांत सांगतो.

३० लाखाचं लोन, वीस वर्षं.

साडेसात टक्क्यानं हप्ता येतो २४,१६८.
साडेआठनं २६,०३५.
साडेनऊनं २७,९६४.

म्हणजे दोन टक्के वाढले तर महिन्याला ३,८०० च्या आसपास जास्त. वाचायला फार वाटत नाही पण पगार हातात ६० हजार येत असेल तर २४ हजार म्हणजे ४० टक्के, आणि २८ हजार म्हणजे जवळजवळ निम्मा. त्यात पोराची फी, गाडीचा हप्ता, आई-वडिलांची औषधं, गणपती-दिवाळी. बँक तर निम्म्या पगारापर्यंत हप्ता बसवून लोन पास करून पण देईल, बँकेला तुमच्या गणपतीचं काय पडलेलं नसतं. माझा हिशोब असा की साडेनऊचा हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांत बसला पाहिजे, आजचा नाही. बसत नसेल तर लोन कमी करा, म्हणजे एकतर लहान घर नाहीतर अजून वर्षभर डाऊन पेमेंट साठवा.

आणि आता दुसरी गंमत. दर वाढला की बँका पूर्वी काय करायच्या, हप्ता तोच ठेवायचा आणि मुदत वाढवायची. माणूस खूश, हप्ता वाढला नाही म्हणून. २०२१ मध्ये साडेसहा-पावणेसात टक्क्यांनी लोन मिळत होतं. समजा कोणी ६.७० नं ३० लाख घेतले, हप्ता २२,७२२. वर्षभरात सत्तर-पंचाहत्तर हजार मुद्दल फिटलं, राहिले सव्वाएकोणतीस लाख. मग रेपोबरोबर दर अडीच टक्के वाढून ९.२० झाला. आता त्या महिन्याचं नुसतं व्याजच होतं २२,४०० च्या वर! म्हणजे २२,७२२ भरले की त्यातले जेमतेम तीनशे रुपये मुद्दलात जाणार. तीनशे. एवढ्या सावकाशीनं ते लोन पोरांच्या पोरांपर्यंत जाईल, म्हणून मग बँकेला हप्ता वाढवावाच लागतो नाहीतर तुम्हाला एकरकमी काहीतरी भरावं लागतं.

यावरून रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलं. आता रिसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा का मुदत वाढवायची का थोडं-थोडं दोन्ही, हे बँकेनं तुम्हाला विचारलं पाहिजे, आणि हप्त्यात नुसतं व्याज पण निघत नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. फिक्स्डवर जायचा पर्याय पण तेव्हा सक्तीचा होता, पण ऑक्टोबर २०२५ पासून तो द्यायचा का नाही हे बँकेच्या मर्जीवर आहे. दर तीन महिन्यांनी मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले, दर किती, याचं स्टेटमेंट पण मिळालं पाहिजे. हे मेसेज आले की पुढं ढकलू नका. जमत असेल तर हप्ता वाढवा, मुदत वाढवणं ही शेवटची सोय.

अजून एक करून बघा, याला काही खर्च नाही. समजा आत्ता भाडं ९ हजार आहे आणि वाढीव हप्ता २८ हजार येणार आहे, तर मधले १९ हजार पगार झाल्या-झाल्या वेगळ्या खात्यात टाकायला सुरू करा, चार-सहा महिने. जमलं तर घर जमणार, आणि तेवढेच डाऊन पेमेंटला पण झाले. तिसऱ्याच महिन्याला त्या खात्यातून पैसे काढावे लागले तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं, मला फोन करायची पण गरज नाही.

मग दर उतरेपर्यंत थांबायचं का?

३० लाखावर दर पाव टक्का उतरला तर हप्ता किती कमी होतो माहितीय? साडेचारशे-पावणेपाचशे रुपये. आणि घराच्या किमतीत एक लाख घासाघीस करून कमी केले, तर साडेसात टक्क्याच्या हिशोबानं हप्ता ८०० नं कमी होतो. म्हणजे बिल्डरसमोर बसून लाखभर कमी करून घेणं हे रिझर्व्ह बँकेच्या जवळपास दोन कपातींइतकं आहे. तरी लोक दराची बातमी रोज बघतात आणि किंमत मात्र सांगेल ती मान्य करतात, पार्किंगचे वेगळे घेतो म्हटला तरी बरं म्हणतात.

दुसरं असं की फ्लोटिंग असेल तर पुढं दर उतरल्यावर तो तुम्हाला मिळणारच आहे, त्यासाठी बाहेर थांबायची गरज नाही. जास्तीच्या किमतीला घेतलेलं घर मात्र नंतर स्वस्त होत नाही. म्हणून "दर जास्त आहे" हे एकटं कारण थांबायला पुरेसं नाही असं माझं मत. उलट दर जास्त असतात तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं आणि बिल्डर बोलायला तयार असतो, तेव्हा घासाघीस बरी होते.

तसंच "दर कमी झालाय, आता घेऊनच टाकू" हे पण कारण नाही. कमी दरानं माणूस मोठं घर बघतो, तीसाच्या ऐवजी चाळीस लाख काढतो आणि पुढच्या वाढीला अडकतो.

थांबायची खरी कारणं वेगळी. नोकरी नवी आहे. तीन-चार वर्षांत पुण्याला जायचं डोक्यात आहे. डाऊन पेमेंट उसनं घ्यावं लागतंय. घरात कोणाचं मोठं आजारपण चालू आहे. यातलं एक जरी असलं तर भाड्यानं रहा, काही बिघडत नाही. सांगलीत भाडं आणि हप्ता यात बराच फरक असतो, जो फ्लॅट ३५-४० लाखाला मिळतो तोच ९-१० हजारांनी भाड्यानं मिळू शकतो, मग कमी काळासाठी घ्यायचं म्हटलं तर स्टॅम्प ड्यूटीच अंगावर पडते. किमान सात-आठ वर्षं तिथं राहणार असाल तरच घ्या.

ऊस, द्राक्ष, दुकान: ज्यांचा पगार एक तारखेला येत नाही

आपल्याकडं निम्म्या घरांत पगार एकाचा आणि शेती सगळ्यांची असा प्रकार असतो. पोरगा कुपवाड एमआयडीसीत, वडिलांचा वाळव्याला ऊस नाहीतर तासगावला बेदाणा. मग हिशोब करताना "ऊसाचं बिल येतंय की" म्हणून हप्ता मोठा घेतात. असं करू नका. ऊस तुटल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे खरा, पण बिलं हप्त्या-हप्त्यानं येतात हे ऊसवाल्यांना मी काय सांगायचं. बेदाण्याचं तर अवकाळीच्या एका रात्रीवर असतं. हप्ता मात्र पाच तारखेला म्हणजे पाच तारखेलाच जातो, चुकला की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डवर, डाग.

म्हणून हप्ता पक्क्या पगारावर बसवायचा आणि शेतीचे पैसे आले की ते मुद्दलात भरायचे. फ्लोटिंग होम लोन स्वतःच्या नावावर असेल तर आधी पैसे भरायला चार्ज नाही. आणि याचा फायदा भरपूर आहे बरं का, साडेसात टक्क्याच्या ३० लाखाच्या लोनला दर वर्षी फक्त एक हप्ता जास्तीचा भरला तर वीस वर्षांचं लोन तीन वर्षांहून जास्त आधी संपतं. भरताना ब्रँचला लिहून द्या की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.

पूर्ण शेती किंवा दुकानावरच घर चालत असेल तर तीन वर्षांचे रिटर्न नीट भरलेले पाहिजेत. "टॅक्स बसत नाही म्हणून भरलं नाही" म्हणणाऱ्यांची फाईल तिथंच अडते. आणि सहा हप्त्यांचे पैसे एफडीत बाजूला, त्याला हात लावायचा नाही.

हातात किती पाहिजेत

"वीस टक्के भरायचे" एवढंच डोक्यात ठेवून लोक येतात. समजा महापालिका हद्दीतला ३८ लाखाचा फ्लॅट, ३० लाख लोन. ८ लाख आपले झाले. स्टॅम्प ड्यूटी सहा टक्के धरा, २ लाख २८ हजार. नोंदणी फी एक टक्का पण कमाल ३० हजार, म्हणजे ३० हजार. इथंच साडेदहा लाखाच्या वर गेलं. वकील, प्रोसेसिंग फी, बँकेच्या गहाणाच्या नोटिशीचा खर्च, मीटर, सोसायटी, मग किचन ट्रॉली आणि पंखे. बारा लाख तयार ठेवा. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीला बँक लोन देत नाही, दहा लाखाच्या आतलं घर असेल तरच सूट आहे, तसं घर आता कुठं मिळतंय.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सवलत आहे, या उदाहरणात ३८ हजार वाचले. नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर ही सवलत मिळत नाही. तेव्हा आधी ठरवा, नंतर करारात नाव घालून बदलता येत नाही.

बांधकाम चालू असलेलं घर असेल तर जीएसटी लागतो. ४५ लाखापर्यंत किंमत आणि आपल्यासारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) असेल तर १ टक्का, त्याच्यावर गेलं की ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही. करारात "टॅक्स वेगळे" एवढंच लिहिलं असेल तर आकडा लिहून घ्या.

वरचे पैसे पतसंस्थेतून किंवा पर्सनल लोननं उभे करू नका. त्याचं व्याज होम लोनपेक्षा बरंच जास्त, आणि दोन हप्ते एकदम सुरू होतात. पाहुण्यांकडून बिनव्याजी मिळाले तर ठीक, तरी ते कधी परत द्यायचे ते आधी बोलून घ्या.

ज्यांच्या घराचं वर्षाचं उत्पन्न ९ लाखापर्यंत आहे आणि देशात कुठंच पक्कं घर नाही त्यांनी प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ची व्याज सवलत विचारा. घर ३५ लाखापर्यंत, लोन २५ लाखापर्यंत असेल तर सवलत पाच वर्षांत मिळून १ लाख ८० हजारापर्यंत जाते. गावाकडं वडिलांच्या नावावर पक्कं घर असेल तर काय, हा प्रश्न अर्ज करायच्या आधी विचारून घ्या.

आणि टॅक्स वाचतो म्हणून घर घेऊ नका. नव्या टॅक्स पद्धतीत स्वतः रहायच्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. वर्षाला दोन लाख व्याजाची वजावट जुन्या पद्धतीत आहे, आणि बरेच लोक आता नव्या पद्धतीत गेलेत. सेल्सवाला अजून जुनाच हिशोब कागदावर मांडून दाखवतो, त्याला विचारा मी कुठल्या पद्धतीत आहे ते तुला माहिती आहे का.

जागा: सांगलीत हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका

ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट आहे, यावरून काय झालं असेल ते समजा. २००५ ला आलं होतं आणि जुलै २०२१ ला परत पन्नासच्या पुढं. म्हणजे "शंभर वर्षांतनं एकदा येतंय" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात बसायच्या आधी बिल्डिंगच्या आजूबाजूच्या जुन्या घरांच्या कंपाउंडच्या भिंती बघा. रंगाचा फरक, ओलीचा आडवा पट्टा, मीटर बोर्ड खालून काढून वर नेलेला, तळमजल्याच्या दुकानात माळा बांधलेला, ही सगळी त्या पाण्याची सही आहे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, "दादा एकोणीसला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" तो हात करून दाखवतो, गुडघ्याएवढं, छातीएवढं, नाहीतर म्हणतो आमच्याकडं आलंच नाही. त्याला फ्लॅट विकायचा नसतो. मग महापालिकेत पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतला. निळ्या रेषेच्या आत बांधकामच व्हायला नको. दोन्हीच्या मधलं असेल तर कुठल्या अटीवर परवानगी दिली ते परवान्यात वाचा.

काही जण म्हणतात चौथ्या मजल्यावर घेतोय, पाणी काय तिथं येतंय. घरात नाही येत हो, पण लिफ्ट, पाण्याची मोटर, मीटर, गाड्या सगळं खाली असतं आणि तुम्ही आठवडाभर वर अडकता. आणि विकायला काढाल तेव्हा समोरचा पण किराणावाल्याला विचारूनच येणार आहे.

पूररेषेच्या बाहेर पण पाऊस पडल्यावर साचून राहणारं पाणी हा वेगळाच विषय, सखल आणि काळ्या मातीच्या भागात जुलैमध्ये एकदा चक्कर मारा. उन्हाळ्यात सगळेच प्लॉट छान दिसतात. स्वतः बांधणार असाल तर काळ्या मातीत पाया खोल घ्यावा लागतो, तो खर्च प्लॉटच्या स्वस्ताईत आधीच मिळवून बघा.

घेतल्यावर घराचा विमा घ्या, भारत गृह रक्षा म्हणून साधी पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडं असते आणि त्यात पूर धरलेला असतो. बँक जो लोनचा विमा गळ्यात मारते तो वेगळा, तो माणसाच्या जिवाचा. त्याचा एकरकमी हप्ता लोनमध्येच घालतात आणि वीस वर्षं त्याच्यावर पण व्याज भरत बसायचं. तो घ्यायलाच पाहिजे असं नाही. साधा टर्म प्लॅन वेगळा घ्या.

कागद

गुंठेवारी. सांगलीत हा शब्द पहिला विचारायचा. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट, वर्षानुवर्षं घरं उभी राहिलेली, २००१ चा गुंठेवारी कायदा त्यासाठीच आला, आणि नंतर दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित करून घ्यायची संधी मिळाली. तर विकणारा "गुंठेवारी झालीय" म्हणतो तेव्हा फाईल टाकलीय का प्रमाणपत्र हातात आहे हे बघा. पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्र नसेल तर मोठी बँक हातच लावत नाही, मग जास्त व्याजवाल्याकडं जावं लागतं, म्हणजे दराचा सगळा अभ्यास वाया.

बाकी यादी ठरलेली: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, एनए (बिगरशेती परवानगी), मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, तयार बिल्डिंग असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, रिसेल असेल तर आधीचे सगळे करार आणि इंडेक्स टू (करार नोंदणीचा उतारा). तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या नोंदींचा तपास) वकिलाकडनं, तुमच्या वकिलाकडनं, बिल्डरनं सुचवलेल्याकडनं नको. वारसांपैकी एखाद्या बहिणीची सही राहिलेली असते, ती इथंच सापडते.

नवीन प्रोजेक्ट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅटचा असेल तर महारेराची (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारी राज्याची संस्था) नोंदणी पाहिजेच. साईटवर नंबर टाकला की मंजुऱ्या, पूर्ण करायची तारीख, केसेस सगळं दिसतं. आणि नोंदणीकृत करार व्हायच्या आधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत. "आज दिलेत तर हा रेट" असं म्हणत असेल तर उद्या पण तोच रेट असतो, बघा करून.

लोन घेताना आणि घेतल्यावर

सिबिल आधीच काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, ७५० च्या वर असेल तर दर बरा मिळतो. तीन ठिकाणी विचारा, त्यातली एक सरकारी बँक असू दे. सँक्शन लेटर (लोन मंजुरीचं पत्र) आलं की सेल्सवाल्याचं बोलणं बाजूला ठेवून या ओळी शोधा: दर कशाला बांधलाय, स्प्रेड किती, रिसेट किती महिन्यांनी, प्रोसेसिंग फी परत मिळते का. सँक्शन लेटरवरचा दर म्हणजे पक्का दर असं धरू नका, बहुतेक बँकांत पैसे सोडायच्या दिवशीचा दर लागतो.

"फिक्स्ड" म्हणून दिला तर विचारा किती वर्षं फिक्स्ड. बऱ्याचदा दोन-तीन वर्षंच असतो आणि मग फ्लोटिंग. शिवाय फिक्स्डला आधी पैसे भरायचा चार्ज असू शकतो. दर उतरत असताना फिक्स्ड घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

बांधकाम चालू असेल तर बँक टप्प्याटप्प्यानं पैसे सोडते आणि तोपर्यंत नुसतं व्याज भरायचं असतं, त्यात मुद्दल एक रुपया फिटत नाही. वर भाडं पण चालूच. ताबा वर्षभर लांबला तर हे दोन्ही भरायची ताकद आहे का ते आधी बघा, नसेल तर तयार घर बघा, थोडं महाग असलं तरी.

लोन सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षांनी एक काम करा. बँकेच्या साईटवर नवीन गिऱ्हाइकाला काय दर देतायत ते बघा. जुन्यांचा स्प्रेड जास्त राहिलेला असतो आणि रेपो उतरला तरी तो फरक तसाच राहतो, कारण बँक आपणहून फोन करून कमी करत नाही. ब्रँचला अर्ज द्या, थोडी कन्व्हर्जन फी घेऊन कमी करून देतात. नाही म्हटले तर दुसऱ्या बँकेचं ऑफर लेटर दाखवा. बॅलन्स ट्रान्सफरला, म्हणजे लोन दुसऱ्या बँकेत न्यायला, परत प्रोसेसिंग फी, परत नोटिशीचा खर्च, परत वकील असतो, त्यामुळं फरक निदान अर्धा टक्का असेल आणि दहा-बारा वर्षं बाकी असतील तरच खरोखर हलवा. सोळाव्या वर्षाला पोचल्यावर व्याजाचा मोठा भाग भरून झालेला असतो, तेव्हा ती धावपळ करून हाताला फारसं काही लागत नाही.